शेगडी आली, साणं गावाकडंच राहिलं

मालिशवाल्या बाईचं सगळं ऑफिस म्हणजे एक लाकडी पाट. तो मी घरूनच नेते. फ्लॅटमध्ये पाट नसतो, आणि जिथं असतो तिथं तो देवघरात असतो. त्यावर मी बसणार म्हटलं की सासूबाई दचकतात. पाटावर बसायचं, साडी गुडघ्यांवर घ्यायची, पाय लांब करायचे आणि लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं, डोकं घोट्यांकडं. मग तेल. कोमट तेलाचा हात मानेपासून कमरेपर्यंत एकदा फिरला की लेकरू रात्री झोपलं का, दूध पचलं का, घरात भांडण झालं का, सगळं हाताला कळतं. शेवटचं थोडं वाढवून सांगितलं. पहिली दोन मात्र खरी.

आजवर माझ्या पायांवर किती लेकरं न्हाली ते मी मोजलेलं नाही. लेकरं मोजू नयेत असं आई म्हणायची. तेव्हा ते उगाच वाटायचं. आता वाटतं, मोजली नाहीत तेच बरं झालं. का, ते पुढं येईल.

मी सेनगावच्या बाजूची, हिंगोली जिल्हा. सातवीनंतर शाळा सुटली, म्हणजे मी सुटले; शाळा अजून तिथंच आहे. आई गावातल्या बाळंतिणी करायची, तिच्यासोबत तेलाची वाटी धरून हिंडताना जे शिकले तेच माझं शिक्षण. लग्न झालं, दोन पोरी झाल्या, गावात काम उरलं नाही आणि आमच्या मालकांना चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं काम लागलं, म्हणून आम्ही एक पेटी आणि दोन पोरी घेऊन महाळुंग्यात उतरलो.

खोली बघायला गेलं की सगळीकडं पहिला प्रश्न एकच, माणसं किती? चार दारांवर तोच ऐकला. पाचव्या दारात एक उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई भाजी निवडत बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पोरी जेवल्यात का?"

त्या आक्का. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या, पुढं स्वतःचा बंगला. त्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी खोलीत पेटी ठेवली. मला मालिश येतं हे कळल्यावर त्यांनी आपल्या सुनेचं बाळंतपण माझ्याकडं दिलं, आणि मग सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटल्या, "हिंगोलीची हाय, पण हात लई गुणाचा." आज पुनावळ्याच्या चौदाव्या मजल्यावर लिफ्टवाला मला ओळखतो, ते आक्कांमुळं. त्यांच्यापुढं मान वर करून बोलायची मला सवय नव्हती. गरजही पडली नव्हती.

आता धुरीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

अंघोळ झाली की लेकराला धुरी द्यायची. मातीच्या शेगडीत कोळशाचे निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाच्या साली, चिमूटभर ऊद. धूर उठला की लेकरू दुपट्यात गुंडाळून त्यावरून फिरवायचं, छाती शेकायची, पाठ शेकायची. सर्दी जाते, पोट दुखत नाही, लेकरू गाढ झोपतं. बाळंतिणीलाही शेक, बाजेखाली शेगडी ठेवून. आई करायची, तिची आई करायची. ज्या घरातून धुरीचा वास येतो तिथं बाळ-बाळंतीण सुखात आहे, हे रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं.

पण आमचं गावाकडचं घर धाब्याचं होतं, जाड मातीच्या छताचं. त्या छताला मधोमध एक भोक असायचं, परातीएवढं. त्याला साणं म्हणतात. चुलीचा, धुरीचा, सगळा धूर त्यातून सरळ वर जायचा. पावसात त्यावर झाकण टाकायचं. लहानपणी मी बाजेवर पडून साण्यातून जाणारा धूर बघायची. तो जातो म्हणून आपण श्वास घेतोय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

इकडं येताना मी आईची शेगडी पेटीत कपड्यांत गुंडाळून आणली. साणं काही पेटीत येत नाही.

पहिला इशारा मला पुनावळ्यात मिळाला होता, पण मी तो हसण्यावारी नेला. नवीन सोसायटी, चौदावा मजला, साताऱ्याकडच्या सासूबाई. पहिल्याच दिवशी धुरी केली आणि छतावरचं एक बारकं पांढरं डबडं असं काही किंचाळलं की बाळ, बाळाची आई आणि मी, तिघी एकदम रडायला लागलो. पाच मिनिटांत वॉचमन लाल नळकांडं खांद्यावर घेऊन दारात.

"आग कुठंय?"

सासूबाईंनी माझ्या शेगडीकडं बोट दाखवलं. वॉचमन परभणीचा निघाला. शेगडी बघून म्हणाला, "आगं माय, वव्याची धुरी व्हय! आमची मायबी देती." आणि नळकांडं भिंतीला टेकवून बाळ बघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी उपाय काढला. धुरी बाथरूममध्ये, दार लावून. म्हणजे डबडं वाजणार नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं. हा किस्सा मी किती घरांत हसत हसत सांगितला असेल. ते डबडं मला काय सांगत होतं, याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

मग आक्कांची लेक प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत, शिकलेली, बोलायला गोड. मुलगी झाली. बारशात नाव ठेवलं स्वरा. थंडीचे दिवस होते. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली, रस्त्याच्या बाजूला. खाली दिवसभर ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसा. खिडकीच्या काचेवर सकाळी पुसलेली धूळ दुपारी परत. म्हणून खिडक्या घट्ट बंद, पडदे ओढलेले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत आक्कांनी जुना टॉवेल कोंबलेला. आत एसी, तोही बंद. आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं मशीन, प्राजक्ताच्या नवऱ्यानं मुद्दाम आणलेलं. हवा चांगली असली की त्याचा दिवा निळा, वाईट झाली की लाल.

पहिल्या दिवशी मी धुरी केली आणि ते मशीन लालभडक होऊन घूंऽऽ करत सुटलं.

"बंद कर गं त्याला," आक्का म्हणाल्या. "बाळ दचकतंय. त्याला काय कळतंय धुरीतलं?"

प्राजक्ता तेव्हा न्हाणीत होती. मी बटण बंद केलं. धुरी झाली, वास जरा कमी झाला, की मी परत लावायची. निळा दिवा लागायला बराच वेळ जायचा. रोज हेच, सकाळ-संध्याकाळ; प्राजक्ता तेव्हा न्हाणीत नाहीतर झोपेत असायची. बाळाला अंघोळ झाली की माझा हात आपोआप त्या बटणाकडं जायचा.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी पाठीवरून हात फिरवताना मला तळव्याखाली काहीतरी लागलं. मांजर जवळ बसलं की कसं आतल्या आत घुरघुरतं, तसं. बारीक. कानाला येत नव्हतं, हाताला येत होतं.

"आक्का, छाती भरलीय."

"पाव्हणे येऊन घेत्यात बाळाला, कुणाची तरी सर्दी लागली आसंल. धुरी दे जरा जास्त."

आणि मी दिली. ओवा दुप्पट. दुसऱ्या दिवशी घुरघुर वाढली, म्हणून दुपारीही एकदा. दिवसातून तीन वेळा. प्राजक्ता म्हणाली, "मावशी, माझं डोकं सारखं जड असतं हो. झोपेतून उठवत नाही." आक्का म्हणाल्या, बाळंतपणाचा वात आहे, आणि तिच्या बाजेखाली, म्हणजे त्या मोठ्या बेडच्या बाजूला, शेगडी सरकवायला लावली. मी सरकवली.

खरं सांगते, त्या दोन दिवसांत माझा हात मला ओरडून सांगत होता. पण हाताला आजारपण कळतं, आजारपणाचं कारण कळत नाही. कारण मला आईनं शिकवलेलं होतं, आणि आईनं शिकवलेलं चुकीचं असू शकतं ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुपटं सोडलं आणि पाट तसाच राहिला. बाळाचं पोट उडत होतं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. प्राजक्तानं पाजायला घेतलं, बाळानं दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. पोरगी रडलीसुद्धा नाही. जे लेकरू अंघोळीच्या वेळी रडत नाही, त्याची मला फार भीती वाटते.

"दवाखान्यात," मी म्हणाले. "आत्ता."

"आधी जरा शेकून..." आक्का.

"नको!" मी आक्कांवर पहिल्यांदा ओरडले. दोघींनाही ते कळलं.

आक्कांचा मुलगा महेश गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर मधे प्राजक्ता, तिच्या मांडीवर बाळ, एका बाजूला आक्का, एका बाजूला मी. रात्रपाळी सुटायची वेळ. महाळुंग्याच्या चौकात एक कंटेनर वळताना आडवा झालेला, पुढं बसांची रांग, मागं बसांची रांग. महेश हॉर्नवरून हात काढत नव्हता. मी बाळाच्या छातीवर तळवा ठेवून होते. वर, खाली. वर, खाली. इतकं भराभर की मध्ये थांबतंय का काय, असं वाटावं. एकदा खरंच थांबलं. किती वेळ, देव जाणे. मी टाचेला टिचकी मारली, बाळानं अंग आखडलं आणि परत सुरू झालं. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काही नाही, झोपेत आहे." महेश खाली उतरला, कंटेनरवाल्याला हात जोडले, दोन बसवाल्यांनी बस मागं घेतल्या आणि फूटपाथवरून आमची गाडी निघाली. त्या बसवाल्यांची तोंडंही मला आठवत नाहीत. पण रोज दिवा लावताना मी त्यांचं नाव न घेता त्यांना आठवते.

दवाखान्यात पोरीला आतल्या खोलीत घेतलं, डोक्यावर काचेसारखी पेटी ठेवली, त्यात ऑक्सिजन, आणि वाफेचं औषध सुरू केलं. दारातून दिसत होतं. मग डॉक्टरबाई कागद घेऊन आमच्याकडं आल्या. तरुण होत्या, माझ्या थोरलीपेक्षा थोड्या मोठ्या.

"घरात धूर होतो का? चूल?"

"नाही मॅडम, गॅस आहे," प्राजक्ता.

"कुणी विडी, सिगारेट?"

"आमच्यात कुणी शिवत बी न्हाई," आक्का.

"मच्छरची कॉइल? खूप उदबत्ती?"

"काहीच नाही. उलट हवेचं मशीन लावलंय मॅडम, खिडक्याही उघडत नाही आम्ही. बाहेर इतकी धूळ आहे ना."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. धूर, नाही. विडी, नाही. कॉइल, नाही. कुणी खोटं बोलत नव्हतं. धुरी म्हणजे औषध. तिला धूर कोण म्हणेल? मीसुद्धा म्हणाले नसते, पण त्याच वेळी मला ते पुनावळ्याचं पांढरं डबडं आठवलं. मशीनचा लाल दिवा आठवला. दोन यंत्रांनी मला एकच गोष्ट सांगितली होती आणि दोघांची तोंडं आम्ही बंद केली होती.

आमच्या मालकांना तेव्हा ठेकेदारानं ब्रेक दिला होता, ते दोन महिने घरी बसून होते. घर माझ्या हातावर चालत होतं. धाकटीची बारावी. खोली आक्कांची. कामं आक्कांच्या शब्दावर मिळालेली. मालिशवालीनं बाळाला आजारी पाडलं, एवढं एक वाक्य सुटलं की महाळुंग्यापासून पुनावळ्यापर्यंत सगळी दारं बंद. आणि मी गप्प बसले तर कुणालाही काही कळणार नव्हतं. बाळ बरं होऊन घरी येईल, आणि आक्का म्हणतील, अशक्त झालंय, धुरी दे.

हे शेवटचं मनात आलं आणि तोंड उघडलं.

"मॅडम, धूर आहे. मी करते."

सगळे माझ्याकडं वळले.

"अगं ती धुरी!" आक्का म्हणाल्या. "धूर कुठं हाय?"

"कशावर करता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कोळशावर. शेगडीत."

"खिडकी?"

"बंद असते. दारसुद्धा."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. कालपासून तीनदा."

"तीनदा का?"

"छाती भरली म्हणून."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "श्वास लागायला लागला, म्हणून धूर वाढवला?"

मी मान हलवली. असं एका वाक्यात कुणी ते समोर ठेवलं नव्हतं.

"आणि ते हवेचं मशीन?"

"धुरीच्या वेळी मी बंद करायची. लाल व्हायचं ते."

"मावशी!" प्राजक्ता जवळजवळ किंचाळली. "का?"

मी आक्कांकडं बघितलं नाही. "बाळ दचकायचं," एवढंच म्हणाले.

मग डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि आम्हाला समजावलं. चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. सर्दी बाहेरूनच आली असेल, म्हणाल्या, ती कुणालाही होते. पण एवढ्या बाळाच्या श्वासाच्या नळ्या शेवईएवढ्या असतात. आतून थोडी सूज आली तरी रस्ता बंद होतो, आणि धुरानं ती सूज वाढते. छातीची वाढ अजून व्हायची असते, रोजच्या धुरानं ती कायमची कमजोर राहू शकते. धूर लाकडाचा, विडीचा, उदाचा, ओव्याचा, नळीला काही फरक पडत नाही. आणि बंद खोलीत निखारे ठेवले की एक वायू साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. प्राजक्ताकडं वळून म्हणाल्या, "तुमचं डोकं दुखतंय ते बाळंतपणामुळे नसावं. तुमचंही रक्त तपासू. आणखी काही दिवस असंच चाललं असतं, तर तुम्ही दोघी सकाळी उठला नसता, असंही होऊ शकलं असतं."

आक्का उठून बाहेर गेल्या. मी मागं गेले. पायऱ्यांवर त्या उभ्या होत्या, तोंड फिरवून.

"चार मानसांत माझ्या घराचं नाव घालवलंस," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं आमाला धुरी दिली, मी माझ्या लेकरांना दिली. समदी जित्ती हायत. आन् तू त्या कालच्या पोरीपुढं सांगतीस, मी इख दिलं म्हणून?"

"मी माझं सांगितलं, आक्का."

"खोली मोकळी कर."

एवढंच. ज्या तोंडानं पोरी जेवल्या का विचारलं होतं, त्याच तोंडानं. मी पायरीवर बसले. वर लेकरू श्वासाशी झगडत होतं आणि मी खोलीसाठी रडत होते. याची लाज मला अजून वाटते.

स्वरा चार दिवस तिथं होती. मी रोज सकाळी चालत जायची आणि खाली औषधांच्या दुकानापाशी उभी राहायची. वर जायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई गाडीतून उतरताना त्यांनी मला ओळखलं.

"पेटी काढली. दूध पितेय," त्या म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "छाती भरलीय हे तुम्हाला कधी कळलं?"

"इथं आणायच्या दोन दिवस आधी. हाताला."

"मलाही कळलं नसतं इतक्या लवकर, नुसत्या हातानं. पुढच्या वेळी हाताला असं लागलं की शेगडीकडे जाऊ नका, माझ्याकडे या."

सातवी शिकलेल्या बाईला याहून मोठी पदवी कुणी दिली असेल, असं मला वाटत नाही. तेव्हापासून मी तेच करते. धुरी बंद. एखाद्या सासूबाई ऐकतच नाहीत. "तुम्हाला कंटाळा आला असेल शेगडी पेटवायचा," असा टोमणा मारतात. मी म्हणते, "कोमट तेलानं छाती चोळते, उन्हात दहा मिनिटं घेऊन बसते, ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर दुसरी बाई बघा." तीन-चार घरांनी खरंच दुसरी बाई बघितली. पुनावळ्याच्या त्या डबड्यावाल्या सासूबाई मात्र सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे ते कार्टं खरं बोलत होतं की!"

पण हे नंतरचं. आधीचे तीन आठवडे सांगायचे राहिले.

स्वरा घरी आली. मला बोलावणं आलं नाही. पुढच्या बंगल्यातून तिचं रडणं ऐकू यायचं, आणि मी जिथं असेन तिथं थांबून श्वास नीट आहे का, ते ऐकायची. खोली शोधत होते, पण अडवान्स आणि दोन्ही पोरींची शिक्षणं बघता कुठं जमत नव्हतं. कामं जवळजवळ बंद. रिकाम्या हातानं बसले की लेकरं आठवायची. मोजू नयेत, तरी मी मोजायला लागले. कुणाची खोली बंद होती, कुणाची उघडी. कुणाला धुरी सव्वा महिना दिली, कुणाला तीन महिने. मागच्या रांगेतला अथर्व माझ्याच पायांवर न्हालेला. आठ वर्षांचा आहे, दप्तरात दम्याचा पंप घेऊन शाळेत जातो, पळाला की शिट्टीसारखा वाजतो. मी त्याच्या खोलीत बारा पत्र्यांखाली, दार लावून, दीड महिना धुरी दिली होती. पुढं एकदा मी डॉक्टरबाईंना विचारलं, माझ्यामुळं का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. घराण्यात असेल, पत्र्याच्या खोलीत असेल, कंपन्यांच्या हवेत असेल. सांगता येत नाही. हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं हो." त्या वाक्यानं अजून मला झोप येत नाही कधीकधी.

मग एका सकाळी आक्का दारात आल्या. सोबत एक गवंडी, हातात छिन्नी-हातोडा. मी पेटी अर्धी भरून ठेवलेली होतीच. वाटलं, पुढच्या भाडेकरूसाठी खोली नीट करायला माणूस घेऊन आल्या. आमचे मालक उठून उभे राहिले. मी पोरींची पुस्तकं उचलायला लागले.

आक्कांनी खोलीभर नजर फिरवली. गॅसच्या वरची भिंत काळी झालेली. खिडकी एक, तीही बोळाकडं, मच्छर येतात म्हणून मी पुठ्ठा लावलेली.

"आमच्या जुन्या घराला कौलं व्हती," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, मला नाही. "धूर कौलांतनं जायाचा. आमीच कौलं काढली, सिलॅब टाकला. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई." मग जरा वेळानं, "मशीन मी बंद कर म्हनलं व्हतं. तितं का न्हाई बोललीस?"

"हात माझा होता ना, आक्का."

आक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि गवंड्याला गॅसच्या वर, छताच्या अगदी खाली, बोट दाखवलं.

"हितं पाड. मग फुडच्या खोलीत. मग समद्या. जाळी बसव, पाखरं येतील."

"केवढं पाडू आक्का?" गवंड्यानं विचारलं.

"मला काय इचारतोस? हिला इचार. हिच्या हाताला कळतंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आन् झालं की वर ये. पोरगी आज आंगुळीला रडती का न्हाई, बघ."

गवंडी माझ्याकडं बघत होता. मी स्टुलावर चढले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, कारण मी दोन्ही पंजे बोटं फाकवून भिंतीवर ठेवले होते, आणि तो त्यांच्या कडेनं खडूनं रेघ मारत होता.